कुंडीतलं अडेनियम: लावणीपासून पुढच्या बहरापर्यंत

चला, बाह्या सरसावा. आज आपण अडेनियम लावणार आहोत. खाली फुगीर कंद, वर चार-पाच जाड फांद्या आणि टोकाटोकाला गुलाबी-लाल फुलांचे घोस, असं हे झुडूप. मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या पट्ट्यातलं. आपलं ऊन त्याला मनापासून मानवतं, आपला पाऊस मात्र अजिबात नाही. एवढं लक्षात ठेवलंत की खालच्या निम्म्या सूचना तुम्हीच मला सांगाल. उरलेल्यांसाठी मी शेजारी उभी आहेच.

सामान आधी गोळा करा

१० इंच तोंडाची, ४-५ इंच खोल, पसरट मातीची कुंडी. तळाला निदान एक मोठं भोक हवंच. लाल भाजक्या विटेचे वाटाण्याएवढे तुकडे ३ मग, जाड रेती १ मग, पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत १ मग, भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट १ मग, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे अर्धा मग, नीमपेंड एक मूठ, बोनमील दोन चमचे. शिवाय रबरी हातमोजे, धारदार कात्री किंवा ब्लेड, थोडं स्पिरिट, बुरशीनाशक पावडर, खिडकीच्या जाळीचा हातभर तुकडा, सुतळी आणि एक लांब बांबूची काडी.

तीन गोष्टी आताच बजावून ठेवते. करड्या सिमेंटच्या ब्लॉकचे तुकडे चालणार नाहीत, लाल वीटच हवी. कोकणात राहत असाल तर समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. आणि शेतातली काळी माती कितीही सकस असली तरी या कुंडीत चिमूटभरही घालायची नाही. ती पाणी धरून बसते, कंद कुजतो.

खरेदी

१. महिना ठरवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ उत्तम. थंडी शिव शिव करत गेली की निघायचं. पावसाळ्यात नर्सरीत हिरवीगार, स्वस्त रोपं दिसतील, मोह आवरा. त्या दिवसांत मुळांना हात लावला तर दहातली बरीचशी रोपं सडतात.

२. जागा बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला जाऊन ऊन कुठे पडतं ते बघा. किमान पाच-सहा तास थेट ऊन लागणारी जागा हवी. उत्तरेकडची बाल्कनी असेल तर हे झाड आणूच नका. पानं येतील, फुलांची वाट बघत बसाल. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची जागाही नको, तिथली गरम हवा कळ्या गाळते.

३. नर्सरीत फुलावर असलेलंच रोप मागा. लेबलवरच्या चित्रावर विसंबू नका. रंग डोळ्यांनी बघून घ्यायचा.

४. "दादा, हे कलमी आहे की बियांचं?" असं सरळ विचारा. कलमी झाडाला कंदाच्या वर फांदीवर एक गाठ किंवा जोड दिसतो, कधी प्लॅस्टिकची पट्टीही गुंडाळलेली असते. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचे, काळपट लाल, पिवळे प्रकार हवे असतील तर कलमीच घ्या. साधं एकेरी गुलाबी हवं असेल तर बियांचं घ्या. ते काटक असतं आणि कंदही छान बाळसं धरतो. पहिल्यांदाच लावत असाल तर माझं मत बियांच्या बाजूने.

५. कंद अंगठ्याने दाबून बघा. कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला पाहिजे. कुठेही मऊ, दबणारा लागला तर रोप जागेवर ठेवा, मग विक्रेता निम्म्या किमतीत देत असला तरी.

६. पानांची खालची बाजू उलटून बघा. कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. असं रोप घरी नेलंत तर तो तुमच्या जास्वंदीवरही जाईल.

७. घरी आणल्यावर रोप आहे त्याच पिशवीत चार-पाच दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा आणि पाणी बंद करा. माती कोरडी झाली की पुढचं काम सोपं होतं. एखाद-दुसरं पान पिवळं पडेल, पडू द्या.

मुळं मोकळी करणं

८. हातमोजे घाला. या झाडाचा पांढरा चीक विषारी आहे. तो डोळ्यात, तोंडात किंवा जखमेत जाता कामा नये. लहान मुलं आणि मांजर-कुत्र्याला या वेळेपुरतं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काम झालं की कात्रीसकट हात साबणाने धुवा.

९. पिशवी बाजूने ब्लेडने कापा. फांदी धरून रोप उपसून काढायचं नाही. कलमाचा जोड निखळतो.

१०. जुनी माती बोटांनी झटका आणि उरलेली नळाच्या बारीक धारेखाली धुवून काढा. नर्सरीवाले बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये रोप वाढवतात. मुळांच्या जाळ्यात अडकलेला त्याचा गोळा पुरता निघाला पाहिजे. तो आत राहिला तर बाहेरचं मिश्रण कोरडं आणि कंदाखाली ओल, अशी अवस्था होते आणि वरून बघून तुम्हाला काहीच कळत नाही.

११. मुळं तपासा. पांढरट-पिवळसर आणि टणक मुळं ठेवा. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल हातात येणारी मुळं निरोगी भागापर्यंत कापून टाका. प्रत्येक कापाआधी ब्लेड स्पिरिटने पुसा.

१२. कंदाखालच्या केसासारख्या बारीक मुळांची लांबी एक तृतीयांशाने कमी करा. हात कापत असेल तरी करा, नवी मुळं जोमाने फुटतात. जाड मुळं मात्र तशीच ठेवा, पुढे तीच फुगून कंदाला रुबाब आणतात.

१३. सगळ्या कापांवर बुरशीनाशक पावडर लावा. कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब एकत्र असलेली पावडर कृषी सेवा केंद्रात लहान पाकिटातही मिळते. काही जण हळद लावतात. मी बुरशीनाशकच लावते.

१४. रोप वर्तमानपत्रावर आडवं करून सावलीत, वारा लागेल अशा जागी तीन-चार दिवस ठेवा. हो, मातीविना आणि पाण्याविना. घरातलं कुणीतरी "अहो, ते मरेल!" म्हणेलच. मरत नाही, कंदात पाण्याचा साठा असतो. काप सुकायच्या आत लावलंत तर मात्र खरंच धोका आहे.

लावणी

१५. कुंडीच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवा. खापरीने भोक गच्च बंद करू नका, आणि कुंडीखाली ताटली तर मुळीच नको.

१६. विटेचे तुकडे आणि रेती चाळून घ्या. खाली पडणारी धूळ फेकून द्या. भोकं बुजवून टाकणारी तीच. घरासमोर बांधकाम चालू असेल आणि क्रश सँड आणली असेल तर तिच्यात धूळ फार असते, दोनदा चाळा.

१७. सगळं साहित्य घमेल्यात हाताने कालवा.

१८. मिश्रणाची परीक्षा घ्या. मूठभर घेऊन दाबा आणि मूठ उघडा. मुटका वळला तर विटेचे आणखी तुकडे घाला आणि पुन्हा बघा. बोटांतून सुटून खाली पडलं की जमलं. मग त्यातलंच मूठभर गाळणीत घेऊन वरून पेलाभर पाणी ओता. पाणी क्षणात खाली गेलं पाहिजे. वर तळं साचलं तर शेणखत जास्त झालंय.

१९. कुंडी निम्मी भरा आणि मधोमध लहानसा उंचवटा करा.

२०. त्या उंचवट्यावर रोप बसवा आणि मुळं चारी बाजूंना पसरवा. एकमेकांत गुरफटलेली मुळं आत्ताच सोडवा, पुढच्या वर्षी ती लाकूड होऊन बसतात.

२१. उंची ठरवा. नर्सरीत कंद जेवढा मातीबाहेर होता त्यापेक्षा साधारण एक इंच वर घ्या. एकदम तीन-चार इंच वर काढू नका. आतापर्यंत मातीत दडलेली कोवळी साल उन्हात भाजते आणि तिथे तपकिरी डाग पडतो, तो कायमचा. एक इंच उघडा भागही पहिले दोन आठवडे सुती फडक्याने झाकून ठेवा.

२२. बाजूंनी मिश्रण भरा आणि काडीने हलकेच खुपसत पोकळ्या भरून काढा. हाताने दाबून ठोकायचं नाही.

२३. रोप डुलत असेल तर सुतळीने कुंडीला बांधा. हलत्या रोपाची नवी मुळं तुटत राहतात.

२४. आता हात मागे घ्या. पाणी घालायचं नाही! कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवा आणि पाच दिवस तिच्याकडे फक्त बघा.

२५. सहाव्या दिवशी पहिलं पाणी द्या, भोकातून वाहून जाईपर्यंत. वर पिठासारखी बारीक धूळ तरंगली तर घाबरू नका, ती विटेची.

२६. कुंडी हळूहळू उन्हात न्या. पहिले तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन, पुढचे तीन दिवस अकरापर्यंत, मग दिवसभर. सावलीतून थेट गच्चीच्या उन्हात ठेवलंत तर पानं पांढरी पडून करपतील.

रोजचं बघणं

२७. पाणी द्यायच्या आधी काडी घाला. बांबूची काडी मिश्रणात तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार लागली तर पाणी नाही. कोरडी लागली तर द्या, आणि दिलंत की पोटभर द्या. रोज सकाळी चहाच्या वेळी कपभर घालणं ही सर्वांत वाईट पद्धत; वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं तहानलेली. मे महिन्यात पुण्यात साधारण दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, नागपूर-अकोल्याकडे एक दिवसाआड. पण दिवस मोजू नका, काडीचं ऐका.

२८. विदर्भात पारा ४४ च्या पुढे गेला की दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. झाडाला ऊन सोसतं, पण कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं तापतात. मातीची कुंडी इथे प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी बरी.

२९. नवी पानं बोटभर झाल्यावरच खत सुरू करा. १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मिश्रणात कधीही खत ओतू नका, आधी साधं पाणी द्या.

३०. फांद्यांच्या टोकाला कळ्या दिसल्या की १९:१९:१९ थांबवून ०:५२:३४ त्याच प्रमाणात द्या. युरिया या झाडाच्या आसपासही फिरकू देऊ नका; फांद्या लांबुळक्या होतात, फुलं गायब.

३१. कलमी झाडाच्या जोडाखाली फुटलेला प्रत्येक कोंब दिसताक्षणी खुडा. तो खालच्या मूळ झाडाचा असतो. हिरवागार, जोमदार दिसतो म्हणून जपलात तर वर्षभरात वरचं कलम मागे पडतं आणि महागाचं काळपट लाल अडेनियम साध्या गुलाबी फुलांचं होऊन बसतं.

३२. आठवड्यातून एकदा कळ्या आणि पानांच्या खालची बाजू तपासा. कळ्यांवर पिवळे ठिपके हलताना दिसले तर तो मावा; पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. पानं निस्तेज होऊन खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून फवारा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. पिठ्या ढेकणाला कानकोरण्याच्या कापसाने स्पिरिट लावा.

३३. एका रात्रीत पानं गायब झाली तर खाली काळ्या लेंड्या शोधा. लेंड्या आहेत तिथून सरळ वर बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी फांदीला चिकटलेली सापडेल, डोक्यामागे निळे-पांढरे दोन डोळे वटारून. ते डोळे खोटे असतात, नुसते ठिपके. कण्हेरीवर येणाऱ्या पतंगाची ही अळी; ज्या चिकाला आपण हातमोजे घालतो तो ती मजेत पचवते. काडीने उचला आणि बागेत दूर कण्हेरीवर सोडून या. औषध मारायची गरज नाही, असतात एक-दोनच.

पावसाळा आणि थंडी

३४. मृग लागायच्या आठवडाभर आधी कुंडी आडोशाला हलवा. वर छप्पर आणि समोर उजेड अशी जागा हवी. मुंबईत ग्रीलच्या बाल्कनीत पाऊस तिरपा आत येतो, तेव्हा कुंडी भिंतीकडे सरकवा. सोलापूर-सांगोल्याकडे पाऊस बेताचा; तिथे उघड्यावर राहिली तरी चालतं, फक्त खाली वीट सारून कुंडी थोडी तिरपी करा. कोकणात आणि गोव्यात मात्र सूट नाही.

३५. पावसाळ्यात पाणी जवळजवळ थांबवा. आठ-दहा दिवसांनी काडी घालायची, कोरडी निघाली तरच द्यायचं. खत बंद.

३६. दर रविवारी कंद अंगठ्याने दाबा. घट्ट असेल तर पुढची पायरी सोडून द्या.

३७. मऊ लागला तर त्याच दिवशी झाड उपटा. "उद्या बघू" म्हणू नका. सडका भाग ब्लेडने कापत जा, आत स्वच्छ पांढरट गर लागेपर्यंत. एकही तपकिरी ठिपका ठेवायचा नाही. अर्धा कंद गेला तरी चालेल. बुरशीनाशक लावा, आठ-दहा दिवस पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा आणि १५ व्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. ओल न लागता कंद नुसता सुरकुतलेला, पण टणक असेल तर मात्र तो सडलेला नाही, तहानलेला आहे. त्याला पाणी द्या.

३८. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की पानं गळतील. झाड झोपलंय, मेलेलं नाही. नखाने फांदी किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर निश्चिंत राहा. पुणे, नाशिक, विदर्भात अशा झाडाला दोन-तीन आठवड्यांनी थोडंसं पाणी पुरे. पानं नसलेल्या झाडाला नेहमीसारखं पाणी देणं हा थंडीतला सर्वांत मोठा धोका. मुंबई-कोकणात थंडी कोवळी असते, पानं टिकलीच तर काडी बघून पाणी चालू ठेवा.

छाटणी आणि बी

३९. पुढच्या फेब्रुवारीत छाटणी करा. प्रत्येक फांदी कंदापासून सहा-आठ इंच ठेवून तिरकी कापा. कलमी असेल तर कातरी जोडाच्या वरच चालली पाहिजे. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून एका फांदीच्या जागी तीन फुटवे म्हणजे तीन घोस. लांबच लांब फांद्या जपून ठेवणाऱ्यांना टोकाला चार फुलं मिळतात.

४०. चीक ओल्या फडक्याने टिपून कापांवर बुरशीनाशकाची पेस्ट लावा. हातमोजे घातलेत ना?

४१. छाटल्यावर पाणी कमी करा, कोंब दिसू लागले की वाढवा. पुरेसं ऊन मिळालं तर दोन-अडीच महिन्यांत कळ्या धरतील.

४२. फुलं गेल्यावर कधीकधी शिंगांची जोडी यावी तशा दोन शेंगा येतात. बी नको असेल तर लगेच कापा, झाडाची ताकद तिकडे जाते. बी हवं असेल तर शेंगेभोवती दोरा गुंडाळून ठेवा. शेंग अचानक उकलते आणि दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी वाऱ्यावर उडून शेजारच्या गच्चीत जातं.

४३. बी ताजं असतानाच पेरा. झुपके काढा, पसरट ट्रेमध्ये तेच मिश्रण बारीक चाळून भरा, बी आडवं ठेवून वर जेमतेम झाकण्यापुरतं मिश्रण टाका. खोल पुरलंत तर वर येणार नाही. ओलावा ठेवा, पण ऊन एकदम कडक नको. उबदार दिवसांत आठवड्याभरात कोंब वर येतात. पहिल्या दिवसापासूनच त्यांचा बुडखा फुगीर असतो. कलमी झाडाच्या बियांतून आईचाच रंग येईल अशी खात्री नाही, म्हणून प्रत्येक रोपाला पहिलं फूल येईपर्यंत कुणाला "लाल देईन" असं कबूल करू नका.